हेडमास्तरांनी गूळ खाल्ला

सोयरेबापूंनी आयुष्यात कोणालाही नकाराचा निरोप सांगितला नाही. बोरी आणि आसपासच्या गावांतली निम्मी लग्नं त्यांनी जुळवलेली, म्हणून गावानं त्यांना सोयरेबापू केलं. निम्मी लग्नं जुळवणाऱ्याच्या वाट्याला त्याच्या चौपट नकार येतात. पण बापू परत आले की मुलीच्या बापाला एवढंच सांगत, "त्यायच्या बैलाला बरं न्हाई. तवर दम धरू." त्या बैलाला पुढं कधीच बरं वाटत नसे. शहाणा बाप आठवडाभर थांबून दुसरं स्थळ बघायला लागे. जो शहाणा नव्हता तो एकदा बैलावरचं औषध घेऊन मुलाच्या गावी गेला होता.

होकार-नकार बापू माणसाच्या बोलण्यावरून ओळखत नसत, खाण्यावरून ओळखत. नुसतं पाणी पुढं आलं तर पागोटं डोक्यावरच ठेवायचं. पाण्याबरोबर गूळ आला तर पागोटं काढून मांडीवर घ्यायचं. आणि आपल्या हातचा गूळ पुढच्यानं खाल्ला तर वाजंत्री सांगून मोकळं व्हायचं. आमच्याकडे हा कायदाच होता. सुपारी नंतर फुटायची, कुंकू नंतर लागायचं, पण खरी गाठ बसायची ती गुळानं. गूळ खाऊन मोडलेली सोयरीक माझ्या लहानपणी कोणी पाहिलेली नव्हती. त्यामुळे बापूंच्या कमरेच्या पिशवीत सुपारीशेजारी गुळाचा खडा कायम असे. "तोंड गोड झालं की तोंड फिरवता येत न्हाई," असं ते म्हणत.

स्थळाचं वैगुण्य सांगायची त्यांची रीतही निराळी होती. ती म्हणजे न सांगण्याची. तिरळी मुलगी 'चौफेर ध्यान असलेली' असायची. बोबडा मुलगा 'मोजकं बोलणारा', आणि चाळिशीचा बिजवर 'संसाराची माहिती असलेला'. कोणी फारच खोदून विचारलं तर बापू शेजारच्या गोठ्याकडे बघून म्हणत, "म्हैस झ्याक हाय तुमची." पुढचा अर्धा तास म्हशीवर जायचा.

या सगळ्या व्यवहारात मुलाच्या बापाला एकच शब्द बोलावा लागे. तो शब्द म्हणजे 'कळवतो'. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, हा शब्द फार डौलात उच्चारत. थोरल्या भावासाठी येलदरीच्या एका पाव्हण्यांची मुलगी सांगून आली होती. ते बिचारे पूर्णेकाठच्या गाळातून गाडी हाकत वर्षभर खेपा घालत होते. मुलगी दादांना पहिल्याच दिवशी पसंत पडली होती, आईलाही. पण लगेच हो म्हटलं तर मुलाच्या बापाची इज्जत काय राहिली? पाव्हणे अंगणात उन्हात बसत, दादा ओसरीवर सावलीत बसत, आणि निघताना सांगत, "कळवतो."

अशा या दादांना स्वतःला उन्हात बसायची वेळ आली ती माझ्यामुळे. निजामाच्या अंमलातली ही गोष्ट आहे. सरकारी शाळेला तेव्हा मदरसा म्हणत, आणि तिथं सगळं उर्दूतून. मी जिंतूरच्या मदरशात होतो. तिथले मौलवीसाब देवमाणूस. मी जन्माचा डावरा, आणि उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे माझा हात तिच्यात असा काही बसला की मौलवीसाब माझी पाटी वर्गाला दाखवत. अक्षर मोत्याचं होतं. अर्थ मात्र मला शेवटपर्यंत लागला नाही. दोन वर्षं मी एकाच वर्गात बसलो. शेवटी मौलवीसाबच दादांना म्हणाले की याला मराठीतून शिकवा, मुलगा मंद नाही. त्याच सुमारास परभणीत एक खाजगी मराठी शाळा निघाली होती. दादांनी फैसला करून टाकला: त्या शाळेत घेतलं तर ठीक, नाहीतर येत्या मृगापासून औतामागं. घरातला तरणा बैल माझ्या नावानं राखूनही ठेवला होता. तो माझ्याकडे ज्या नजरेनं बघे ती मला अजून आठवते.

शाळा म्हणजे काय, तर कापसाच्या जिनिंगचं एक जुनं गोदाम. भिंतीत अजून सरकी सापडे. एकच मोठी खोली, जागा मोजक्या, आणि पुण्याकडून आलेले एक हाडकुळे, सडेफटिंग हेडमास्तर. पण लोकांना त्या गोदामाचा असा ताप चढला की विचारू नका. कोणाला देशासाठी मुलगा तिथं घालायचा होता, कोणाला मराठीसाठी. हे मान्यच करतो. पण बहुतेकांना तो घालायचा होता तो शेजारगावच्या पाटलानं घातला म्हणून. ज्यांना सही करायला अंगठा लागायचा ते एकमेकांना विचारत होते, "हितं हिंग्रजी कसं काय शिकवतेत?" आणि दुसरा अंगठेबहाद्दर सांगत होता, "पक्कं न्हाई अजून."

दादा बापूंकडे गेले. बापूंनी शाळेची सगळी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाले, "म्हणजे पोरगं दाखवायचं हाय. त्यात काय? आजवर पोरी दाखवल्या, आता पोरगं दाखवू."

त्यांनी माझी तयारी सुरू केली. नजर खाली. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. थोरल्या भावाचा कोट, बाह्या दुमडून. सगळं झाल्यावर त्यांनी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. डावा हात म्हणजे अशुभ, त्यानं ना प्रसाद घ्यावा ना अक्षता टाकाव्यात. घरी जेवताना आई त्याच्यावर पळी मारी. बापू म्हणाले, "नाम्या, हा हात मांडीखाली दाबायचा. तिथं काय बी होऊ दे, हात काढायचा न्हाई. एकदा पसंती झाली का मग कोन बघायलंय?"

परभणीला गेल्यावर गोदामाच्या दारात आमची पाळी आली. हेडमास्तरांसमोर बापूंनी नियमाप्रमाणे आधी पावसाची चौकशी केली, मग पुण्याकडच्या जनावरांची. हेडमास्तरांनी घड्याळ पाहिलं आणि विचारलं, मुलाला काय काय येतं?

"घराणं चांगलं हाय," बापू म्हणाले. "दोन विहिरी, दोन्ही बारमाही. आजोळ बी तोलामोलाचं. पोराच्या अंगात कायबी खोड न्हाई."

"अहो, मला मुलाला शिकवायचंय. जावई नाही करायचा."

बापू दादांकडे वळून हळूच म्हणाले, "पैल्यांदा समदे असंच म्हणतेत."

हेडमास्तरांनी मला वाचायला दिलं. ते मी घडाघडा वाचलं. आईनं चुलीपुढं बसवून जुनी पोथी वाचून घेतलेली होती माझ्याकडून. मग पाटी पुढं सरकवून त्यांनी चार ओळी लिहायला सांगितल्या. माझा डावा हात मांडीखाली मुंग्या येऊन मेला होता. उजव्यानं पेन्सिल धरली आणि कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं काहीतरी पाटीवर उमटवलं. हेडमास्तरांनी पाटी सरळ धरली, मग उलटी धरली, मग खाली ठेवली.

"सोमवारी कळवतो," ते म्हणाले.

दादांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. स्वतःच्याच तोंडातला शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर माणूस कसा दिसतो ते मला त्या दिवशी कळलं. बापूंनी मात्र शांतपणे कमरेची पिशवी सोडली, गुळाचा खडा काढला आणि पुढं केला. गावाकडचा आहे, चव तर बघा, म्हणाले. हेडमास्तरांनी खडा घेतला, तोंडात टाकला, आणि थोडं थांबून विचारलं, "आणखी आहे का?"

बाहेर चिंचेखाली थांबून बापू दादांना म्हणाले, "मंजूर. आता ब्रह्मदेव आला तरी मोडत न्हाई."

बोरीकडे परतणाऱ्या गाडीवाल्याबरोबर त्याच दुपारी निरोप गेला. आईनं गावात साखर वाटली. म्हणजे आता रिकाम्या हातानं परत जायची सोयच उरली नव्हती.

सोमवारपर्यंत आम्ही स्टेशनजवळच्या धर्मशाळेत राहिलो. बापूंचा नियम होता, फैसला होईपर्यंत उंबऱ्याजवळ बसायचं. लांब गेलेल्याचा निरोपही लांबतो. हाच विचार सगळ्या जिल्ह्यानं केला होता. धर्मशाळेच्या पडवीत मुलांचे बाप ओळीनं घोंगड्या टाकून बसलेले. पालमचे एक देशमुख तर स्वतःची बाज घेऊन आले होते. देशमुखांना वाट बघायची सवय नव्हती; त्यांच्याकडे लोक वाट बघत. ते दिवसातून दोनदा कारभाऱ्याला गोदामाकडे पाठवत आणि दोनदा तो तसाच परत येई. हेडमास्तर हसले का, हेडमास्तरांनी छत्री कोणत्या हातात धरली होती, यावर पडवीत चर्चा चाले. मुलं मात्र रुळांवर दगड मारत मजेत होती. आमची चिंता करायला माणसं नेमलेली होती, आम्ही कशाला करू?

दादा जेवेनात. बापूंनी एकदा त्यांच्यापुढं भाकरी सरकवली आणि डोळे मिचकावून म्हणाले, "काय पाटील, येलदरीचं पाव्हणं आठवायलंय का?" दादांनी भाकरी घेतली.

घोटाळा झाला तो बापूंच्या मोठेपणापायी. आपला गूळ लागू पडला ही गोष्ट त्यांच्या पोटात राहिली नाही. पडवीत कोणी फारच रडकुंडीला आलं की ते त्याला बाजूला घेत आणि युक्ती सांगत. दोन दिवसांत साऱ्या पडवीला युक्ती माहीत झाली. मग गोदामाकडे रीघ लागली. कोणी तिळाचे लाडू नेले, कोणी शेंगदाण्याची चिक्की, कोणी बायकोला गावाकडून बोलावून पुरणपोळ्या करून नेल्या. देशमुखांनी ताटच पाठवलं, वर रुमाल झाकून. आणि प्रत्येक बाप परत येताना चालण्यातच ओळखू येई. तो जमिनीवरून चालत नसे. खाल्ला, तो पुढच्याला सांगे. स्वतः खाल्ला, माझ्यादेखत.

देशमुखांचं रिकामं ताट परत आलं तेव्हा बापूंचा चेहरा पहिल्यांदा उतरला. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग दादांना हळूच म्हणाले, "आपलं कायतरी चुकायलंय. हे स्थळ समद्यायलाच हो म्हणायलंय."

सोमवारी गोदामापुढं ही गर्दी. शाळेचा शिपाई दारात उभा राहून नावं वाचत गेला. ज्याचं नाव येई तो बाप मुलाला ढकलत आत घेऊन जाई. वाचन संपलं, शिपायानं कागद दुमडला. माझं नाव आलं नव्हतं. देशमुखांच्या मुलाचंही नव्हतं. आणि अंगणात अजून अर्धी जत्रा उभी होती.

दादा बापूंकडे बघायला लागले. बापूंनी तोंड उघडलं, मिटलं. आयुष्यभराची विद्या त्यांच्या ओठांवर आलेली मला दिसत होती. पण हेडमास्तरांकडे बैल नव्हता.

तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "मग आमचं लाडू कशाला खाल्लं?" आणि बांध फुटला. आमची चिक्की खाल्ली. आमच्या पोळ्या खाल्ल्या, वर तूप मागितलं. देशमुखांचा कारभारी पुढं होऊन म्हणाला की ताट चाटूनपुसून परत आलंय, साक्षीदार आहेत. हेडमास्तर दारात आले. एवढी माणसं खाण्याचा हिशोब का विचारतायत हे त्यांना उमजेना. ते गोंधळून इकडे तिकडे बघत राहिले.

बापू पुढं झाले. पागोटं काढून त्यांनी हातात घेतलं.

"मास्तर," ते म्हणाले, "आमच्याकडं पुढच्याच्या हातचं गोड खाल्लं का सोयरीक मंजूर. तुमी या समद्यायचं खाल्लं. ठाऊक असून खाल्लं, का ठाऊक नसताना, एवढंच सांगा. बाकी मी बघतो."

हेडमास्तर लाल झाले. पहिल्यांदा म्हणाले की मला सांगितलं होतं, या भागात कोणी दिलेलं नाकारलं तर माणसं दुखावतात. मग थोडं थांबले. चष्मा काढला. आणि म्हणाले, "शिवाय मला भूक लागली होती."

शाळा काढली साऱ्यांनी मिळून; पण मास्तर जेवतो कुठं हे विचारायचं काम प्रत्येकानं दुसऱ्यावर सोडलं होतं. आपल्या पोरांना जो मोठा करणार त्याला स्वतःला भाकरी थापता येत नाही, ही गोष्ट कोणाच्या ध्यानातच आली नव्हती. कारभाऱ्यानं ताट धोतराच्या सोग्याआड लपवायचा प्रयत्न केला.

जागा नाही हो, हेडमास्तर म्हणत होते. खोली तुम्हीच पाहताय. मी कुठं बसवू?

"मास्तर, लगीन कधी पाहिलंय का?" बापूंनी विचारलं. "मांडव ल्हान असला तर पाव्हणे परत लावतेत का? दुसरी पंगत बसवतेत. पैली पंगत सकाळी उठंल, दुसरी दुपारी बसंल. वाढपी तुमीच. आन् वाढप्याच्या जेवनाचा बंदोबस्त आमच्याकडं."

शाळेच्या चालक मंडळींनी कुरकुर केली, पण संध्याकाळपर्यंत ठरलं. दुपारची शाळा अशी जन्माला आली. परभणीत तिला बरीच वर्षं 'दुसरी पंगत' म्हणत.

आता इथं गोष्ट संपायला हवी होती. पण आमची माणसं तशी नव्हेत. दारात पडून राहिलेल्या बापांना होकार मिळाला आणि घटकाभरात सगळे वरबाप झाले. आमचं पोरगं दुसऱ्या पंगतीला कसं? पहिल्या पंगतीत कोण कोण बसलंय ते आधी कळू द्या. देशमुख बाजेवर बसून म्हणाले की विचार करून कळवतो. बापूंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शिपायाला ऐकू जाईल अशा बेतानं ते म्हणाले, "एक पान रिकामं झालं, लिहून घ्या." देशमुखांचा मुलगा लगेच आत गेला.

माझं मात्र अजून ठरलं नव्हतं. दुसऱ्या पंगतीतही पानं अखेर मोजकीच होती. हेडमास्तर दादांना सांगत होते की मुलगा वाचतो बरा, पण लिहिणं अगदीच नाही. आणखी वर्षभर घरी गिरवू द्या. वर्षभर म्हणजे काय हे मला आणि त्या बैलाला ठाऊक होतं. दादा वळले.

तेव्हा बापूंनी जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. "दम धरा," ते म्हणाले. "मास्तर, पोरात खोड हाय. मी लपवली. पोरगं डावरं हाय."

एवढं बोलून ते घामाघूम झाले. आपल्या तोंडानं स्थळाचं वैगुण्य सांगायचं म्हणजे त्यांच्या लेखी सगळ्या गावासमोर धोतर सुटण्यासारखं होतं. हेडमास्तरांना त्यात काय विशेष ते समजलं नाही. "मग डाव्यानं लिही की रे," ते मला म्हणाले.

मी बापूंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी पाटी घेतली आणि मौलवीसाबांनी घोटून घेतलेल्या हातानं चार ओळी लिहिल्या. हेडमास्तरांनी पाटी या वेळी उलटी धरली नाही.

त्या रात्रीच्या मुक्कामानंतर आम्ही गाडी जुंपली. घरी पोचल्यावर धोतराला लागलेली धूळही न झटकता दादांनी गडी बोलावला आणि येलदरीला निरोप पाठवला: मंजूर. माझ्या वहिनी आमच्या घरात आल्या त्या अशा शाळेमुळे. त्या पुढं मला चिडवत की भावजी, तुमचं नाव आधी निघालं असतं तर मी अजून माहेरीच असते.

हेडमास्तरांचं जेवण पाळीपाळीनं घरोघर सुरू झालं. दोन वर्षांत त्यांना कोट सैल करून घ्यावा लागला. बापू महिन्याच्या बाजाराला परभणीस आले की गोदामाच्या दाराशी उभे राहून आत डोकावत आणि मला विचारत, "पोटभर वाढायलाय ना मास्तर? दुसऱ्या पंगतीला पातळ वाढतेत, ध्यान ठेव." पातळ वाढलं नाही. मी त्या शाळेतून मॅट्रिक झालो, आणि पुढं आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगतो. दुसऱ्या पंगतीला बसून झालो, हेही सांगतो.

आज मी स्वतः अशाच एका शाळेत हेडमास्तर आहे. इमारत दगडी आहे, बाकी सगळं तेच. जूनमध्ये बाप येतात, आया येतात. दारात उभे राहतात, पिशवीतून पेढ्याची पुडी निघते. प्रवेशाच्या दिवसांत मी कोणाच्या हातचं काही खात नाही. गावात बोलवा आहे की मला साखरेचा आजार आहे. मी ती खोडून काढलेली नाही.

बापूंना मी शेवटचं पाहिलं ते कॉलेजसाठी हैद्राबादला निघालो त्या दिवशी. मोटार गावाबाहेरच्या रस्त्यावर थांबायची. ते काठी टेकत तिथवर आले. दृष्टी कमी झाली होती, पण कमरेची पिशवी जागेवर होती. त्यांनी खडा काढला. मी रीतीप्रमाणे उजवा हात पुढं केला. त्यांनी तो बाजूला सारला.

"लिहायचा कर," ते म्हणाले.

ज्या माणसानं जन्मभर डाव्या हाताचं बोटही कुंकवाला टेकू दिलं नव्हतं, त्यानं माझ्या डाव्या तळव्यावर गूळ ठेवला, बोटं मिटवली, आणि वरून आपले दोन्ही हात दाबले. मोटारवाला भोंगा वाजवत होता. बापू गुळाबरोबरचं नेहमीचं वाक्य म्हणाले नाहीत. मला ते पाठ होतं हे त्यांना माहीत असावं.

रझाकारांच्या धामधुमीच्या वर्षी ते गेले, घरीच, साध्या तापानं. रस्ते बंद होते. मला निरोप पोचायला दोन महिने लागले. निरोप आणणाऱ्या गाववाल्यानं खालमानेनं एवढंच सांगितलं, "बापूंना जरा बरं न्हाई." त्याला हे सांगणं कोणी शिकवलं ते मला विचारावं लागलं नाही.

बी.ए. झाल्यावर हैद्राबादेतच चांगली नोकरी मिळत होती. मी परभणीला परत आलो. लोकांना याचं आश्चर्य वाटलं. पण बापूंचा निरोप घेऊन निघालो त्या दिवशी परभणी स्टेशन येईपर्यंत गूळ मुठीत विरघळायला लागला होता, आणि रुळांवर गाडी दिसली तेव्हा मी तो खाऊन टाकला होता.